जर आणि तर

पहाटे सहाची पहिली फेरी.
तरीवर एक दुधाची गाडी, दोन सायकली,
आणि त्सिगेरेदा.
तिच्या हातात प्रश्नांचं पुस्तक, कोपरे दुमडलेलं,
सत्तेचाळिसाव्या पानावर कॉफीचा डाग.
पैलतीरी वृद्धाश्रम, तिथे तिची नोकरी.
एल्बे ओलांडायला सात मिनिटं लागतात,
सात मिनिटांत पाच-सहा प्रश्न होतात.
‘एगर्ट, विचार.’

राज्यं किती?
‘सोळा.’
झेंड्याचे रंग?
‘काळा, लाल, सोनेरी.’
म्हाताऱ्यांच्या गोळ्या मोजाव्यात
तशी ती वर्षं मोजते,
एकही इकडची तिकडे नाही.

भिंत कधी बांधली?
‘एकसष्ट. ऑगस्ट.’
बरोबर.
पुढचा प्रश्न मी विचारलाच नाही.
यंत्राचा आवाज होता, तिला वाटलं
तेच कारण असेल.

आमच्याकडे भिंत नव्हती, त्सिगेरेदा.
आमच्याकडे ही होती, ही वाहती,
आणि पलीकडच्या बांधावर तारांचं कुंपण.
कुंपणामागे मेटाआत्याचं घर, नदीकडे उघडणारी एक खिडकी.
दर रविवारी वडील आमच्या बांधावर टोपी काढून उभे राहत
आणि आत्या खिडकीतून टेबलावरची चादर झटकायची.
लाल असली की सगळं ठीक.
पांढरी कधी झटकली नाही तिने.
ऑक्टोबरात एका पहाटे ट्रक आला.
आत्याला सामानासकट आत कुठेतरी नेलं, नदीपासून लांब,
हे आम्हाला नाताळात कळलं.
त्या रविवारी मात्र खिडकीला फळ्या होत्या,
वडील टोपी हातात धरून उभे,
आणि मला, अकरा वर्षांच्या मला, वाटलं
आत्या आज उशिरा उठली.

इतिहासात जर-तर नसतं, असं मास्तर सांगायचे.
खरंच नव्हती.
पंचेचाळीस ते नव्वद आमची तर बंद होती.

आणि सीमा नेमकी कुठे, पाण्याच्या मध्यावर की त्या काठाला,
यावर दोन सरकारांनी चाळीस वर्षं कागद खरडले.
काठी मारून पाणी दुभंगत नाही
हे दोघांनाही ठाऊक होतं,
म्हणून एकाने काठावर बंदुका उभ्या केल्या.
बाम मासे खालून जात-येत राहिले.
हे पुस्तकात नाही. याला गुण नाहीत.
उगाच पाठ करू नकोस.

या ऑगस्टला नदी आटली.
पुराच्या साली हिच्यातून
ड्रेस्डेनच्या कुणाच्या बागेतली खुर्ची वाहत आली होती
(अजून माझ्या अंगणात आहे, एक पाय नवा),
आणि आता मधोमध वाळूची पाठ वर आलेली,
तिच्यावर करकोचे, आपल्याच बापाची जागा असल्यासारखे.
पाटी लावली: फेरी बंद.
पुलावरून वळसा चाळीस किलोमीटर, बस दुपारची.
त्सिगेरेदा पाटीखाली उभी.
इस्त्रीचा निळा सदरा. परीक्षा दहाला, पलीकडच्या गावात.
ती काही बोलली नाही. पाटी मात्र दोनदा वाचली.

माझी जुनी होडी डांबराच्या वासाची, बटाटे न्यायची.
माणसं न्यायचा परवाना तिला नाही.
मी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे.
सवय. या काठावर जन्मलेल्यांची.

तिने बूट काढून नाड्यांनी गळ्यात अडकवले,
बरोब्बर मध्ये बसली, दोन्ही कडा धरून,
पाणी दिसणार नाही अशी मान करून.
होडीत कसं बसायचं हे मला तिला सांगावं लागलं नाही.
कुठे शिकली, ते मी विचारलं नाही.

मध्यावर आलो तेव्हा तीच म्हणाली,
‘एगर्ट, आज मी विचारते.
आपण आत्ता कुठे आहोत?
अ, पश्चिमेत.
ब, पूर्वेत.
क, दोन्हींत.’
ड तिला सुचेना.
करकोचा उडाला. तिने मान वर केली,
पहिल्यांदा.

ड, मी म्हटलं,
आणि वल्हं वाळूला लागलं.